खबर देणाऱ्याचा हिस्सा कायद्यात लिहा: अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया, भारत सरकार
प्रत: महसूल सचिव, संचालक, एफआययू-इंडिया (संशयास्पद व्यवहारांचे अहवाल घेणारी केंद्राची यंत्रणा), गव्हर्नर, रिझर्व्ह बँक

सादर नमस्कार.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नागरी सहकारी बँकेतून मी निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं केवायसी आणि मनी लाँडरिंग प्रतिबंधाचं टेबल माझ्याकडे होतं. बँकेचं नाव लिहीत नाही आणि माझंही नाही, कारण माझे सहकारी अजून तिथे नोकरी करताहेत आणि गाव लहान आहे. मागणी मात्र आडवळणाने सांगत नाही. काळा पैसा पांढरा होताना जो आतून पाहतो आणि सरकारला कळवतो, त्याला त्यातून वसूल होणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा कायद्याने मिळाला पाहिजे. साहेबांची मर्जी झाली म्हणून नको, हक्क म्हणून हवा. यात बँकेचा कारकून आला, कंप्लायन्सचा अधिकारी आला, सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारा मुलगा आला आणि जहाजावरचा खलाशीही आला. खलाशाचं का म्हणते ते पुढे सांगते.

अमेरिकेने हे केलं आहे, आणि पहिल्या खेपेला चुकत केलं. तिथला मनी लाँडरिंगविरोधी नवा कायदा २०२१ च्या १ जानेवारीला झाला. त्यात बक्षिसाची तरतूद होती, पण लिहिलं होतं फक्त 'जास्तीत जास्त ३० टक्के'. कमीत कमी किती ते नव्हतं, पैसे कुठल्या खिशातून द्यायचे तेही नव्हतं. म्हणजे खबर देणाऱ्याच्या हातावर एक डॉलर ठेवला तरी कायदा पाळला गेला असता. अशा भरवशावर कोण पुढे येणार? डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. किमान १० टक्के ठरले, दंडाच्या रकमेतून ३० कोटी डॉलरपर्यंत भरत राहणारा वेगळा निधी झाला आणि इराण, रशिया वगैरेंवरचे आर्थिक निर्बंध मोडणाऱ्या व्यवहारांची खबरही त्याच योजनेत घेतली गेली. दंड दहा लाख डॉलरच्या वर हवा, ही अट. खबर देणारा अमेरिकेचा नागरिकच हवा, अशी अट नाही. वकिलामार्फत नाव न सांगताही अर्ज करता येतो.

त्यातलं एक कलम मी दोनदा वाचलं. गैरव्यवहार शोधणं हेच ज्याचं नोकरीतलं काम आहे, आणि ज्याने तो फक्त आपल्या वरिष्ठाला कळवला, त्यालाही हा कायदा जागल्या, म्हणजे गैरव्यवहाराची खबर देणारा, मानतो. 'ते तर तुझं कामच होतं, त्याचा पगार मिळतो की' असं म्हणून त्याला वाटेला लावत नाही.

आपल्याकडे इनामाचं तत्त्व नवीन नाही. सोन्याच्या तस्करीच्या काळात मुंबईपासून कोकणपट्टीपर्यंत कस्टम्सचे खबरी होते आणि त्यांना पकडलेल्या मालात वाटा मिळायचा. तो नियम आजही आहे. आयकर खात्याची २०१८ ची योजना चुकवलेल्या कराच्या खबरीला ५० लाखांपर्यंत आणि परदेशात दडवलेल्या संपत्तीच्या खबरीला ५ कोटींपर्यंत बक्षीस देते. बेनामी मालमत्तेसाठी १ कोटीपर्यंत. सेबीने २०१९ मध्ये इनसायडर ट्रेडिंगची, म्हणजे कंपनीतली आतली माहिती वापरून केलेल्या शेअर व्यवहारांची, खबर देणाऱ्यासाठी योजना आणली, वसुलीच्या १० टक्के, आणि पुढे २०२१ मध्ये कमाल मर्यादा १ कोटीवरून १० कोटींवर नेली. मग ज्या कायद्याखाली सक्तवसुली संचालनालय (ईडी) देशभर छापे घालतं, त्या २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यातच (पीएमएलए) खबर देणाऱ्यासाठी एक ओळ का नाही? आयकराच्या आणि बेनामीच्या योजनांतही बक्षीस हे सानुग्रह असतं. दिलं तर दिलं, नाही तर दाद मागायची सोय नाही.

एक खातं सांगते. चालू खातं, बेदाण्याच्या व्यापाऱ्याचं, निदान अर्जावर तसं लिहिलेलं. रोख भरणा नऊ लाख, नऊ लाख चाळीस हजार, नऊ लाख साठ हजार. दहा लाखांचा आकडा कधी ओलांडायचा नाही, कारण त्यावरच्या रोखीचा अहवाल एफआययूला जातो हे आता पानटपरीवाल्यालाही ठाऊक आहे. दुपारी दोनच्या आत सगळी रक्कम आरटीजीएसने तिसऱ्याच राज्यातल्या एका कंपनीला. बेदाण्याचा हंगाम असो नसो, भरणा वर्षभर सारखाच. चेकबुक द्यायला आमचे शिपाई मामा पत्त्यावर गेले. परत आले आणि म्हणाले, "मॅडम, बेदाण्याचा एक मणी नाही तिथं. एक बाई शिलाई मशीनवर फॉल-पिको करत बसल्यात. त्यांच्या मुलाचं खातं हाय म्हणं, मुलगा कुठं हाय ते त्यांनाच माहिती नाही."

मी संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, आमच्या भाषेत एसटीआर, तयार करून वर पाठवला. तीन दिवसांनी सॉफ्टवेअरमध्ये अलर्ट बंद झालेला दिसला. शेरा होता: 'ग्राहक परिचित. व्यवहार व्यवसायाशी सुसंगत.' ज्यांनी हे टेबल सांभाळलंय त्यांना हा शेरा पाठ असेल. खात्याची ओळख संचालक मंडळातल्या एका सदस्याची होती. त्यानंतरच्या महिन्यात माझी वसुली विभागात बदली झाली, तीही जायला-यायला अडीच तास लागणाऱ्या शाखेत.

बाहेर सांगायचं, तर कुणाला? आणि काय पणाला लावून? बँकेतल्या माणसाचं घराचं कर्ज बहुतेक वेळा त्याच बँकेचं असतं, कर्मचारी सवलतीच्या दराने. नोकरी गेली की सवलत गेली, कधी कधी पूर्ण रक्कमच मागितली जाते. सोसायटीचं कर्ज पगारातून कापलं जातं, त्याला जामीन शेजारच्या काउंटरवरचा सहकारी. ग्रॅच्युइटी अडकते. शिवाय चौकशी सुरू झाली की फाइलवर पहिली सही कोणाची, हे आधी पाहतात, आणि ती सही आमच्यासारख्यांचीच असते. हे सगळं समोर ठेवून 'नैतिक कर्तव्य' म्हणून पुढे या, असं परिपत्रकात लिहिणं सोपं आहे.

चोर मात्र हिशेबाचा पक्का असतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये टीडी बँकेने गुन्हा कबूल केला आणि सुमारे ३०० कोटी डॉलर भरले. त्या प्रकरणातली एक टोळी ४७ कोटी डॉलर बँकेतून फिरवत होती, बरीचशी रोकड काउंटरवर आणून, आणि बँकेतल्या कर्मचाऱ्यांना गिफ्ट कार्डं वाटत होती, सगळी मिळून ५७ हजार डॉलरच्या वर. म्हणजे काउंटरवरच्या माणसाचं मौन विकत घ्यायला गुन्हेगार पैसे मोजतो, आणि तेच मौन सोडायला आपलं सरकार काहीच मोजत नाही. ही बोली आपण हरणारच.

डान्स्के बँकेचं उदाहरण आपल्या अधिकाऱ्यांना माहीत असेल, तरी लिहिते, कारण ते माझ्या बेदाणेवाल्याचंच थोरलं भावंड आहे. हॉवर्ड विल्किन्सन हे या डॅनिश बँकेच्या एस्टोनिया शाखेत होते. एक ग्राहक कंपनी ब्रिटनच्या कंपनी निबंधकाकडे 'व्यवहार बंद' असं कळवत होती आणि इकडे खात्यातून प्रचंड रकमा जात होत्या. विल्किन्सन यांनी डिसेंबर २०१३ मध्ये कोपनहेगनला लेखी कळवलं, पुन्हा पुन्हा कळवलं. २०१४ मध्ये ते बँकेतून बाहेर पडले. जगाला आकडा कळला तो २०१८ मध्ये: त्या छोट्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरो गेले होते. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल करून २०० कोटी डॉलरच्या वर रक्कम भरली. बँकेतल्या एका माणसाच्या कागदांना पाच वर्षं वाचक मिळाला नाही. बक्षिसाचं मोल इथेच आहे. कागद घेऊन कुठे जायचं, हे त्या माणसाला आधीच ठाऊक असतं, आणि ते कागद नीट लावून मांडणारा वकीलही त्याला मिळतो, कारण वकिलालाही फी दिसते.

आपल्याकडचं पीएमसी या सहकारी बँकेचं प्रकरण ठेवीदार विसरलेले नाहीत. एकाच बांधकाम समूहाला दिलेलं कर्ज, एकूण कर्जवाटपाच्या ७० टक्क्यांहून अधिक, २१ हजारांहून जास्त बनावट खात्यांआड लपवलं होतं. बँकेतल्याच काही कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेला कळवल्यावर हे उघडकीला आलं, असं तेव्हा छापून आलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. मोठ्या ठेवीदारांना पुढच्या विलीनीकरणात हप्त्याहप्त्याने, दहा वर्षांपर्यंत, पैसे मिळणार आहेत. एकवीस हजार खाती एका रात्रीत उघडत नाहीत. ती उघडणाऱ्या, तपासणाऱ्या, व्याज लावणाऱ्या माणसांपैकी कुणीतरी चार वर्षं आधी बोललं असतं तर? त्यांना बोलायला कारण मिळालं असतं तर, असं म्हणते मी.

आता आहे ते संरक्षण पाहू. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेने केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो आजतागायत लागू झालेला नाही. झाला असता तरी तो सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे आणि निनावी तक्रार त्यात चालत नाही. त्याच्या मुळाशी सत्येंद्र दुबे यांचा खून आहे. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, ते फुटलं, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांना गोळी घातली. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींना जमीन व्यवहारांच्या मागे लागल्यावर जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना मारलं. पुण्याकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही.

बँकांपुरतं बोलायचं तर सरकारी बँकांच्या तक्रारी दक्षता आयोगाकडे जातात, खाजगी आणि परदेशी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची २००७ ची योजना आहे. नागरी सहकारी बँका या दोन्हींत बसत नाहीत. २०२४ च्या फ्रॉडविषयक निर्देशांनी आमच्याही बँकांना तक्रारीचं अंतर्गत धोरण ठेवायला सांगितलं, चांगलं केलं. पण ती तक्रार जाते बँकेच्याच वरिष्ठांकडे, आणि माझ्या बेदाणेवाल्याची ओळख देणारे संचालकही त्यांतलेच.

पीएमएलएच्या कलम १४ मध्ये बँकेला आणि तिच्या कर्मचाऱ्यांना खटल्यांपासून अभय आहे, पण ते रीतसर पाठवलेल्या अहवालापुरतं. ज्याचा अहवाल वरच्याने दाबला आणि जो मग थेट सरकारकडे गेला, त्याला या अभयाचा उपयोग नाही. उलट ग्राहकाची गुप्तता मोडली म्हणून कारवाई त्याच्यावरच होऊ शकते. ही फट बुजवणं बक्षिसाइतकंच गरजेचं आहे, किंबहुना आधी. अमेरिकेचा कायदाही इथे लंगडा आहे. वर सांगितलेल्या नव्या कायद्यातल्या सूडाविरुद्धच्या कलमातून ठेवींचा विमा असलेल्या बँकांचे कर्मचारीच वगळले, त्यांना जुन्या, तोकड्या कायद्यावर सोडलं. त्यांची ही चूक उचलू नका.

आणि दुसरीही एक गोष्ट उचलू नका. अमेरिकेत बक्षिसाचा हिस्सा दंडावर काढतात. जप्त मालमत्ता आणि पीडितांना परत द्यायची रक्कम त्यात धरत नाहीत. तिथे हे चालतं, कारण दंडच अजस्र असतात. आपल्याकडे उलट आहे. अहवाल न पाठवल्याबद्दल एफआययू जो दंड करतं तो प्रत्येक चुकीमागे १० हजार ते १ लाख रुपये. बायनान्स या क्रिप्टो चलनांच्या बाजाराने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेला सुमारे ४३० कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. त्याच बायनान्सला आपल्या एफआययूने जून २०२४ मध्ये दंड केला १८ कोटी ८२ लाख रुपये. पीएमएलएचा सगळा भर जप्तीवर. त्यामुळे अमेरिकेचं कलम जसंच्या तसं भाषांतर करून आणलंत, तर बहुतेक प्रकरणांत आपल्या जागल्याच्या हाती भोपळा येईल.

पण जप्त पैशाला सरसकट हात लावा असं मी म्हणणार नाही. तो पैसा ठेवीदाराचा आहे, फसवल्या गेलेल्या बँकेचा आहे. आपणच डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलंत की ईडीने २२ हजार कोटींहून अधिक रुपयांची मालमत्ता परत केली. ते आधी झालंच पाहिजे. पीडितांची देणी फिटल्यावर जे केंद्र सरकारकडे कायमचं जमा होतं, त्याचा आणि एफआययूच्या दंडांचा मिळून एक निधी करा, आणि बक्षीस त्यातून द्या. जिथे पीडित कुणी दुसराच नाही, म्हणजे अमली पदार्थांचा पैसा, तस्करीचा पैसा, लाचेचा पैसा, तिथे हिस्सा थेट त्या प्रकरणावर काढता येईल. किमान १० टक्के कायद्यात लिहा. 'पर्यंत' हा शब्द एकटा ठेवू नका.

आता खलाशी. रशियन आणि इराणी तेल वाहणारी जुनी टँकर जहाजं, एआयएस, म्हणजे जहाज कुठे आहे ते सांगणारं यंत्र, बंद करून समुद्रातच एकातून दुसऱ्यात माल भरणारी, रातोरात नाव आणि झेंडा बदलणारी, यांवर आपली मुलं काम करतात. काही रत्नागिरी-रायगडची आहेत. पगार थकला की त्यांना जहाजावरच सोडून मालक गायब होतो. जहाज कुठे भरलं आणि कागदावर कुठलं बंदर लिहिलं, हे त्या पोराने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तीच गोष्ट हिऱ्यांची. मार्च २०२४ पासून जी-७ देशांनी तिसऱ्या देशात पैलू पाडलेले रशियन हिरेही अडवायला सुरुवात केली. मुंबईच्या हिरेबाजारात उद्या कुणी माल मिसळून मूळ देश बदलला, तर ते पहिल्यांदा कळेल माल निवडणाऱ्या कारागिराला.

एकतर्फी निर्बंध भारत मानत नाही, फक्त संयुक्त राष्ट्रांचे मानतो, हे धोरण मला ठाऊक आहे आणि ते बदला असं सांगायची माझी पात्रता नाही. पण खोटं बिल, खोटं मूल्य, खोटं मूळ देश हा आपल्याही कस्टम्स कायद्याने गुन्हा आहे, आणि रक्कम मोठी असली की पीएमएलएच्या अनुसूचीत, म्हणजे तो कायदा ज्या गुन्ह्यांना लागतो त्या यादीत, बसणाराही. आज त्या कारागिराला, त्या खलाशाला खबर द्यायची झाली तर वॉशिंग्टनचा दरवाजा उघडा आहे, कोट्यवधींच्या आशेसह, आणि मुंबईचा बंद. हे काल्पनिक नाही. रॅनबॅक्सीच्या औषधांतल्या खोट्या नोंदी दिनेश ठाकूर यांनी अमेरिकेला कळवल्या, २०१३ मध्ये कंपनीने ५० कोटी डॉलर भरले आणि ठाकूर यांना ४ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास मिळाले. तो कायदा वेगळा, पण कंपनी आपली, माणूस आपला. आपल्या बाजारातली माहिती आधी परक्या सरकारला कळावी, ही सोय आपणच करून ठेवली आहे.

आक्षेप मला माहीत आहेत. पैशाच्या लोभाने खोट्या तक्रारी येतील. येतील की! आताही येतात, फुकटात येतात, निवडणुकीच्या आधी तर पोत्याने येतात. म्हणून बक्षीस तक्रारीवर नको, वसुलीवर हवं. खाते क्रमांक, तारीख, कागद यांच्याशिवाय अर्ज घेऊच नये. जाणूनबुजून खोटं लिहिणाऱ्याला शिक्षा हवी. पण चुकीची निघालेली खबर आणि खोटी केलेली खबर यांत फरक ठेवा, नाही तर प्रामाणिक माणूसच पहिला गप्प बसेल. दुसरा आक्षेप खबर देणाऱ्याचे हात स्वच्छ नसण्याचा. यूबीएस या स्विस बँकेतला ब्रॅडली बर्केनफेल्ड स्वतः करचुकव्यांना मदत करत होता, त्यासाठी तुरुंगात गेला, आणि त्यानेच दिलेल्या माहितीबद्दल २०१२ मध्ये अमेरिकेच्या कर खात्याने त्याला १० कोटी ४० लाख डॉलर दिले. मला हे पचायला जड जातं. सूत्रधाराला बक्षीस नको, हे कायद्यात स्पष्ट लिहावं. पण वरून आलेल्या आदेशावर सही करणारा कारकून म्हणजे सूत्रधार नव्हे.

तिसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलते. ईडीचं नाव काढलं की आज लोकांच्या डोळ्यांसमोर बँक येत नाही, पक्षांतर येतं. पीएमएलएखाली हजारो प्रकरणं दाखल आणि शिक्षेचे निकाल मोजके, हेही त्यांना दिसतं. त्या कार्यालयात आपलं नाव देऊन यायला सामान्य कर्मचारी धजणार नाही. सेबीने खबर देणाऱ्यांसाठी तपास विभागापासून वेगळं संरक्षण कार्यालय काढलं आहे. तसंच इथे हवं, तपास करणाऱ्यांपासून अलग, आणि माणसाला नावाऐवजी क्रमांक. खटले पंधरा पंधरा वर्षं चालतात, तर अंतरिम बक्षिसाचीही सोय सेबीच्याच नियमांत आहे. दिल्लीला वेगळं काही शोधावं लागणार नाही.

पीएमएलएमध्ये याआधी २०१५, २०१८, २०१९ मध्ये वित्त कायद्यातून दुरुस्त्या झाल्या. त्या रस्त्याबद्दल न्यायालयात वाद आहे, म्हणून स्वतंत्र विधेयक आणलंत तर उत्तमच. मसुदा करण्याआधी बँक कर्मचारी संघटना, नागरी बँकांचे महासंघ आणि मुंबईतली खलाशांची संघटना नुसी यांना चर्चेला बोलवा. महासंघांच्या वतीने संचालक येतील. त्यांच्यासोबत केवायसीच्या टेबलावर सध्या बसणारी दोन-तीन माणसंही येतील असं पाहा. आणि मसुदा मराठीतही प्रसिद्ध करा.

आपली नम्र,
नागरी सहकारी बँकेतली एक निवृत्त अधिकारी